फॅन्सी हिरे आणि ‘सगळा माल एकाच यादीतला’: एका फॉरवर्डला उत्तर

“फॅन्सी शेपचा हिरा कुशल कटरकडून निवडून आणलाय असं कुणी सांगितलं, तर हसा आणि पुढे चला.” अशा सुरुवातीचा एक मजकूर सध्या बराच फिरतो आहे. (फॅन्सी म्हणजे गोल सोडून हिऱ्याचे बाकीचे आकार.) त्यातले दावे थोडक्यात असे. प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर पॉलिश आणि सिमेट्री ‘एक्सलंट’ असली की कट चांगलाच. डेप्थ (खोली) आणि टेबल (वरचा मोठा सपाट पैलू) यांची टक्केवारी ठरलेल्या मर्यादेत बसली की दगड पाहायचीही गरज नाही. कटाई आता यंत्रं करतात, हाताचं कौशल्य ही जाहिरातीतली गोष्ट. ओव्हल, पेअर (थेंबासारखा), मार्कीझ (दोन्ही टोकांना निमुळता), कुशन (गोलसर कोपऱ्यांचा चौकोनी) म्हणजे गोल निघाला नाही म्हणून उरलेला माल. आणि सगळे डीलर एकाच ऑनलाइन यादीतून उचलतात, तेव्हा चार रिपोर्ट शेजारी ठेवा आणि सर्वांत स्वस्त तो घ्या.

मजकूर ठसक्यात लिहिलेला आहे. गोल हिऱ्यापुरतं बोलायचं तर त्यातलं थोडंफार चालूनही जाईल. फॅन्सीला लावलं की गडबड होते.

“एक्सलंट, एक्सलंट म्हणजे कट चांगला”

जीआयए या हिरे तपासणाऱ्या प्रयोगशाळेने २००६ पासून कटचा दर्जा द्यायला सुरुवात केली ती गोल ब्रिलियंटसाठी. ओव्हल, पेअर, एमरल्ड (पायऱ्यांसारख्या पैलूंचा चौकोनी आकार), कुशन यांच्या नेहमीच्या रिपोर्टवर सहसा कटची ओळ नसते, फक्त पॉलिश आणि सिमेट्री असते. पॉलिशवरून पृष्ठभाग किती गुळगुळीत आहे ते कळतं. सिमेट्रीवरून पैलू एकमेकांना नीट भेटतात का आणि बाह्यरेषा दोन्ही बाजूंनी सारखी आहे का, ते कळतं. आत गेलेला प्रकाश डोळ्याकडे परत येतो की तळातून निसटून जातो, याबद्दल दोन्ही गप्प. मधोमध काळा पट्टा असलेला ओव्हल ‘एक्सलंट, एक्सलंट’ घेऊन येतो तेव्हा प्रयोगशाळेची चूक नसते. तिला जे विचारलं, त्याचंच उत्तर तिने दिलेलं असतं.

प्रयत्न झाले नाहीत असं नाही. अमेरिकेतल्या एजीएस प्रयोगशाळेने २००५ मध्ये प्रिन्सेस या चौकोनी आकारासाठी प्रकाशाच्या हिशोबावर कटचा दर्जा द्यायला सुरुवात केली. ही प्रयोगशाळा २०२२ च्या अखेरीस बंद झाली, तिचं काम जीआयएकडे गेलं, आणि ‘एजीएस आयडियल’ हा जोड-रिपोर्ट आता तिथून मिळतो, फॅन्सी शेपसाठीसुद्धा. पण तो वेगळा मागून घ्यावा लागतो, आणि बाजारातल्या बहुतेक फॅन्सी दगडांबरोबर तो नसतो.

“टक्केवारी बसली की पुरे”

गोल हिऱ्यात पॅव्हिलियनचे (हिऱ्याच्या खालच्या, निमुळत्या भागाचे) मुख्य पैलू जवळपास एकाच कोनात असतात, ४१ अंशांच्या आसपास. म्हणून तिथे दोन-चार आकडे बरंच काही सांगून जातात. ओव्हलमध्ये तळाच्या बिंदूपासून गर्डलपर्यंतचं (हिऱ्याच्या कमरेच्या कडेपर्यंतचं) अंतर लांबीच्या दिशेने जास्त आणि रुंदीच्या दिशेने कमी असतं, पण गर्डलची उंची मात्र सगळीकडे साधारण सारखीच ठेवावी लागते. परिणामी टोकांकडचे पैलू उतरते आणि मधल्या बाजूचे खडे होतात. एकाच दगडात इतके वेगवेगळे कोन आले की काही पैलू पाहणाऱ्याच्या डोक्याची सावलीच परत दाखवतात. मधला तो काळा ‘बो-टाय’ त्यातून येतो. ओव्हल, पेअर आणि मार्कीझमध्ये तो थोडाफार असतोच. फिकट असून दगड हलवला की उजळणारा बो-टाय आणि कसाही धरला तरी काळाच राहणारा बो-टाय, यांतला फरक कारागिराने पॅव्हिलियनचे पैलू कसे मांडले आणि फोडले यावर ठरतो. रिपोर्टवर त्याचा मागमूस नसतो.

डेप्थची टक्केवारी म्हणजे एकूण खोली भागिले रुंदी. ती खोली क्राउनमध्ये (गर्डलच्या वरच्या भागात) आहे, जाड गर्डलमध्ये आहे की फुगवलेल्या पॅव्हिलियनमध्ये, हे त्या एका आकड्यातून कळत नाही. ६२ टक्क्यांचे दोन ओव्हल शेजारी ठेवले तर एक जिवंत आणि दुसरा मधून पाण्यासारखा आरपार दिसू शकतो. कुशनमध्ये तर त्याहून घोळ, कारण तिथे पैलूंची मांडणीच अनेक तऱ्हेची असते. मोठे, ठळक पैलू असलेला दगड आणि बर्फाचा चुरा भरल्यासारखा दिसणारा दगड आकड्यांत जुळे भाऊ निघतात. (चुऱ्यासारखा दिसणारा वाईटच, असं मी म्हणत नाही. काहींना तोच आवडतो. पण काय घेतोय हे पाहूनच घ्यावं.)

“आता सगळं यंत्रच कापतं”

इथे फॉरवर्ड लिहिणाऱ्याने सर्वांत महत्त्वाची गोष्ट उलटी धरली आहे. रफ (न कापलेला कच्चा हिरा) स्कॅन होतो, आतले दोष त्रिमितीत दिसतात, सॉफ्टवेअर शक्य ते आराखडे मांडतं, लेझर दगड चिरतो, हे सगळं खरं. पण सॉफ्टवेअर कशासाठी आराखडा मांडतं? जास्तीत जास्त किंमत यावी म्हणून. आणि किंमत कशावरून ठरते, तिथे गोम आहे.

बाजारात भावाचा आधार म्हणून वापरली जाणारी रॅपपोर्टची यादी १९७८ पासून चालू आहे. तिच्यात गोलाचा तक्ता वेगळा आणि पेअरचा वेगळा. बाकीचे फॅन्सी शेप साधारणपणे पेअरच्या तक्त्याला धरून मोजतात. वजन, रंग, शुद्धता यांचे रकाने आहेत. हा ओव्हल किती सुंदर कापला आहे, यासाठी रकाना नाही. शिवाय ०.९०, १.००, १.५० अशा टप्प्यांवर कॅरेटमागचा भाव उडी मारतो.

आता कटरच्या जागी बसून पाहा. घंटीवरचा (हिरा घासायच्या चाकावरचा) दगड १.०३ कॅरेटवर आला आहे आणि पॅव्हिलियन थोडं फुगीर आहे. ते उतरवलं तर प्रकाश सुधारेल, पण वजन ०.९७ वर येईल. यादी म्हणते, थांब. कटर थांबतो, आणि त्यात लबाडी काही नाही, त्याची मजुरी आणि मालकाचं भांडवल दोन्ही त्या वजनात अडकलेलं आहे. ग्राहकाला मात्र फरक दिसतो. साधारण एक कॅरेटचा नीट कापलेला ओव्हल वरून ८.० बाय ५.७ मिलिमीटर भरतो, तर तितक्याच वजनाचा पोटफुगा ओव्हल ७.४ बाय ५.३ भरू शकतो. वजनाचे पैसे सारखेच, पण डोळ्यासमोरचा हिरा सुमारे १४ टक्क्यांनी लहान.

म्हणजे फॅन्सीमध्ये चांगला कट हा कुणीतरी जाणूनबुजून सोडलेल्या वजनातून येतो. ते सोडायची तयारी कुणाची? ज्याला भरपाईची आधीच खात्री आहे, त्याची. निवडून माल आणणाऱ्या डीलरचं खरं काम इथे आहे. तो काही कटरांना सांगून ठेवतो: लांबी-रुंदीचं प्रमाण अमुक ते तमुक, गर्डल जाड नको, बो-टाय फिकट हवा, वजन टप्प्याच्या खाली गेलं तरी चालेल, कॅरेटमागे जास्त देतो. शिंप्याकडे माप टाकल्यासारखं मात्र हे होत नाही, कारण कापड आपण नेत नाही. त्या प्रमाणात बसेल असा रफ कटरच्या हाती यायला हवा, आणि तो येईपर्यंत थांबावं लागतं. मग येणाऱ्या मालातूनही बराचसा परत जातो. काही डीलर फुगीर दगड घेऊन पुन्हा घंटीवर चढवतात, वजन आपल्या खिशातून सोसतात.

हाताचं म्हणाल, तर हिरा प्रत्येक दिशेने सारखा कठीण नसतो. प्रत्येक पैलूची घासण्याची दिशा शोधावी लागते, आणि पेअर किंवा मार्कीझच्या टोकाशी जरा जोर जास्त झाला तर टवका उडतो. एमरल्ड कटमध्ये पायऱ्यांची एक ओळ चुकीच्या कोनात गेली की मधोमध खिडकी उघडते, म्हणजे तिथून आरपार दिसतं, आणि तिथे लपवायला जागाच नसते.

“फॅन्सी म्हणजे उरलेला माल”

कलिनन १९०५ मध्ये सापडला, ३,१०६ कॅरेटचा. अ‍ॅमस्टरडॅमच्या अ‍ॅश्चर पेढीने १९०८ मध्ये तो फोडून त्यातून नऊ मोठे हिरे काढले. त्यातला एकही गोल नाही. सर्वांत मोठा ५३०.२ कॅरेटचा पेअर, दुसरा ३१७.४ कॅरेटचा कुशन. रफ लांबट असला की ओव्हल, मार्कीझ किंवा एमरल्ड, चपटा त्रिकोणी असला की पेअर किंवा हार्ट, ही रफच्या घडणीला धरून केलेली निवड आहे. तिला उरलेला माल म्हणायचं कारण नाही.

“सगळे एकाच यादीतून उचलतात, म्हणून सर्वांत स्वस्त घ्या”

हा दावा अर्धा खरा आहे, आणि तो अर्धा भाग मान्य करायलाच हवा. तोच दगड एकाच वेळी कितीतरी विक्रेत्यांच्या पानावर दिसतो, आणि त्यांतल्या अनेकांनी तो हातात घेतलेला नसतो. ‘खास निवडलेला’ असं लिहायला पैसे पडत नाहीत.

राहिला उरलेला अर्धा. कोणता डीलर कोणत्या प्रकारच्या मालाला जास्त मोजतो, हे कटरला पक्कं ठाऊक असतं. हातचा उत्तम ओव्हल यादीवर चढवण्याआधी तो त्यालाच दाखवतो. डीलर जांगडवर (पसंत पडलं तर ठेवायचं, नाहीतर परत, या बोलीवर) हिऱ्यांची पुडी नेतो, दोन-तीन प्रकारच्या उजेडात पाहतो, दोन ठेवतो, बाकीची परत करतो. ठेवलेले दगड सार्वजनिक यादीत बरेचदा येतच नाहीत. परतलेले येतात. तेव्हा सारख्या रिपोर्टचे चार दगड यादीत असतील आणि त्यांतला एक बराच स्वस्त असेल, तर मालकाला रोकड हवी असेल, किंवा कुणीतरी तो पाहून आधीच परत केला असेल. रिपोर्टवरून यांतलं काय खरं, ते ओळखू येत नाही.

ओळखायचं असेल तर विक्रेत्याला सरळ विचारा. दगड आत्ता तुमच्या ताब्यात आहे का? हातात धरून तिरका केल्याचा व्हिडिओ द्याल का, दुकानी झगमगाटाऐवजी साध्या उजेडात? ए-सेटचा (हिऱ्यातला प्रकाश रंगांत दाखवणाऱ्या उपकरणाचा) फोटो आहे का? त्यात लाल म्हणजे वरून येणारा जोरदार प्रकाश, हिरवा म्हणजे कडेचा मंद, निळा म्हणजे पाहणाऱ्याच्या डोक्याची आड, आणि रंगच नसलेली जागा म्हणजे गळती. ओव्हलमध्ये थोडा निळा असायचाच, पण मधोमध सलग पट्टा नको. शेवटी हेही विचारा, की याच मापाचे आणखी कोणते दगड पाहिले आणि ते का नाकारले. ज्याने खरोखर पुड्या उघडल्या आहेत तो टोक, गर्डल, खिडकी यांबद्दल बोलायला लागतो. ज्याने नाही, तो तुम्हाला रिपोर्ट पुन्हा वाचून दाखवतो.