ऑनलाइन चाचणी घ्यायचीय? आधी खडू कपाटात ठेवा

नव्याने रुजू झालेल्या शिक्षक मित्रमैत्रिणींनो, जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा मिळाली, अभिनंदन. आता फळ्यावर दहा गणितं लिहायची, पोरं वही काढून बसली की रांगांमधून फिरायचं आणि कोण कुठं अडकतंय ते बघायचं, असलं काही डोक्यात असेल तर काढून टाका. त्यात लिंक नसते, टायमर नसतो आणि मुख्य म्हणजे केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, ग्रुपवर टाकायला स्क्रीनशॉट मिळत नाही. स्क्रीनशॉट नाही म्हणजे चाचणी झालीच नाही, एवढं पाठ करून ठेवा, बाकीचं हळूहळू येतं.

सुरुवात मोबाईल गोळा करण्यापासून. आदल्या रात्री पालकांच्या ग्रुपवर टाका की उद्या चौथीची ऑनलाइन चाचणी आहे तरी पाल्यासोबत मोबाईल फुल चार्ज करून पाठवावा. वर्गाचा पट २३ असेल तर नऊ मोबाईल येतील. त्यातले दोन बटनाचे. एकाची काच अशी फुटलेली की पर्याय क आणि पर्याय ड च्या मधून तडा गेलेला, पोरगी तड्यावर बोट ठेवून विचारते, "सर, ह्यो कंचा पर्याय?" उरलेल्या सहा मोबाईलवर सगळा वर्ग बसवायचा. याला गटकार्य म्हणतात, अहवालात तसंच लिहा.

चाचणी चालू असताना फोन येणारच, कारण मोबाईल बापाचा आहे आणि बापाला कामं असतात. माझ्या वर्गात एकदा सातव्या प्रश्नाला ऊसतोडीच्या मुकादमाचा फोन आला. पोरानं उचलला, "पप्पा रानात गेल्यात, मी परीक्षेत हाय" म्हणून सांगितलं, मुकादम कसला ऐकतोय, त्यानं टोळीच्या उचलीचा सगळा हिशोब त्यालाच सांगायला घेतला, कुणाला किती दिले, कुणाकडं किती राहिले, पोरानं तो वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतला आणि शेवटी बेरीज-वजाबाकी करून बाकी किती ते फोनवरच सांगून टाकलं. मी नंतर वही बघितली, बरोबर होतं, हातचासुद्धा बरोबर घेतलेला. पण तोवर टायमर संपला होता. पोराला २० पैकी ६. गणितात मागे, अशी त्याची नोंद आहे आणि नोंद म्हणजे नोंद.

आता चाचणीचा गुगल फॉर्म कसा बनवायचा ते सांगतो, कारण खरी कला इथं आहे. एका शब्दात उत्तर द्या असा एखादा प्रश्न टाकाच. अठ्ठावन्न ही संख्या अंकात लिहा, असा टाका. उत्तरसूचीत मात्र इंग्रजी आकडे भरून ठेवा आणि विसरून जा. पोरं मराठी शाळेतली, कीबोर्ड ताईनं मराठीवर लावून दिलेला, त्यामुळे निम्मा वर्ग मराठी आकड्यात अगदी बरोबर ५८ लिहील आणि निम्मा वर्ग चूक ठरेल. राहिलेल्यांपैकी तीनचार जण ८५ लिहितील. तेही चूक. दोन्हीला सारखाच लाल रंग, फॉर्मच्या दरबारात लहानमोठं कोणी नाही.

ते ८५ वाले आठवले की मला उगाच जुनी सवय उफाळून येते. अहो, अठ्ठावन्न म्हणताना तोंडात आधी आठ येतो आणि मग पन्नास, पोरगं कानावर पडलं त्या क्रमानं लिहितं, यात त्याचं काय चुकलं? २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला वीस एक असं वाचन दिलं, तर मराठी बुडाली म्हणून केवढा गदारोळ झाला होता, टीव्हीवर चर्चा, विधानसभेत विनोद. पण अडचण होती ती हीच. वहीत ८५ दिसलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं, काड्यांचे पाच गठ्ठे आणि आठ सुट्ट्या काड्या पोराच्या हातात द्यायच्या आणि बोलताना काय आधी येतं, लिहिताना काय आधी येतं, हे त्यालाच ओळखू द्यायचं. असो. तुम्ही काड्यांच्या नादाला लागू नका. तुमच्याकडे गोल चार्ट आहे, निळा भाग आणि लाल भाग, तोच छान कापून ग्रुपवर टाका. लाल भाग कशामुळे लाल झाला हे अजूनपर्यंत मला वरून कोणी विचारलेलं नाही, तुम्हालाही विचारणार नाहीत.

वर्गात मजा आणायची असेल तर कहूट हा मोबाईलवरचा प्रश्नांचा खेळ घ्या. रंगीत चौकोन, ढॅणढॅण म्युझिक, जो लवकर दाबेल त्याला जास्त गुण. बोटं मोजून उत्तर काढणारी पोरगी चौथ्या प्रश्नापर्यंत शेवटच्या नंबरवर जाते आणि पाचव्यापासून न वाचताच दाबायला लागते. तिचा वेग वाढला, ही प्रगतीच.

प्लिकर्स नावाचं ॲप मात्र चुकूनही वापरू नका. त्यात पोरांकडे मोबाईल लागतच नाही, प्रत्येकाला एक छापील कार्ड, उत्तर अ असेल तर एका बाजूनं धरायचं, ब असेल तर फिरवून धरायचं, शिक्षकानं आपला एकच फोन वर्गावरून फिरवला की कोणाचं काय उत्तर ते लगेच दिसतं, शेजाऱ्याचं बघून लिहायची सोयही नाही. मी एक दिवस करून बघितलं, पोरांना आवडलं, मलाही कोण अडलंय ते जागेवरच कळलं. पण फोटोत काय दिसतं, तर पोरं पुठ्ठे धरून उभी. ग्रुपवर टाकला तर एकानं विचारलं, मोर्चा कसला आहे?

कोणी फार शहाणपणा शिकवायला लागला तर पुस्तकातल्या क्यूआर कोडचं उदाहरण देईल. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले गुरुजींनी ते आधी आपल्या शाळेतल्या पोरांसाठी केलं, नंतर ते राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आलं, २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, सगळं खरं. पण क्रम बघा ना. आधी पोरांची अडचण, मग तंत्रज्ञान, मग अधिकारी. आपल्याकडे आधी लिंक येते, मग दुपारी १२ पर्यंतची मुदत येते, मग आपण अडचण शोधतो. हा क्रम मोडायला जाऊ नका, खुलासा द्यावा लागतो.

तसं मूल्यमापन आपल्याला नवीन नाही म्हणा. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, त्यातूनच २०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, आकारिकची, म्हणजे शिकवता शिकवता करायच्या मूल्यमापनाची, आठ साधनतंत्रं आली, आणि त्यात यादीत पहिलं काय, तर दैनंदिन निरीक्षण. त्याला रेंज लागत नाही, चार्जर लागत नाही, लॉगिन लागत नाही. म्हणूनच ते बाद समजा. पासवर्ड नसलेल्या गोष्टीवर विश्वास कोण ठेवणार?

राहिलं गुण भरणं. सगळ्या तालुक्याला एकच मुदत असल्यामुळे शेवटच्या दिवशी चक्र गरगर फिरत राहतं, आणि आमच्या गावात रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर. पोषण आहाराची नोंद, हजेरीची नोंद आणि चाचणीचे गुण तिन्ही एकदमच उरकून घ्या, तीनदा चढायला नको. ओटीपी मुख्याध्यापकांच्या नंबरवर जातो आणि ते तालुक्याला मीटिंगला असतात, ऑनलाइन कामकाजाच्याच मीटिंगला, म्हणून चढण्याआधी त्यांना फोन सायलेंटवर ठेवू नका सांगून ठेवा.

आणि वर एकटे जाऊ नका, वाचून दाखवायला पोरगं लागतं. मी त्या मुकादमाच्या फोनवाल्यालाच नेतो. तो यादी हातात धरून एकेकाचे गुण खणखणीत वाचतो, मी भरत जातो, खाली त्याची शेळी ओरडत असते. गेल्या वेळी पान संपलं, मी शेवटच्या रकान्यात माझी बेरीज टाकणार तेवढ्यात म्हणाला, "सर, थांबा. २३७ न्हाय, २४७ हुतंय." मी मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर बघितलं, २४७. दुरुस्त करून सबमिट केलं. त्याचे स्वतःचे सहा गुण त्याच बेरजेत होते, तेही त्यानं इतरांसारखेच वाचले.