ट्रॅक्वेअरचे बंद फाटक

एडिनबऱ्यात राहत असल्यामुळे उन्हाळ्यात पुण्या-मुंबईहून पाहुणे येतात आणि प्रत्येकाच्या यादीत इथला किल्ला सर्वांत वर असतो. किल्ला पाहावाच; पण एखादा दिवस हाताशी उरला, तर मी त्यांना दक्षिणेला सुमारे ४८ किलोमीटरवर, इनरलीदन गावाजवळच्या ट्रॅक्वेअर हाऊसला नेतो. घर समोर दिसताच बहुतेकांचा चेहरा थोडा उतरतो, कारण फिकट गिलाव्याच्या उंच भिंती, उतरती छपरे आणि बेताच्या लहान खिडक्या यांत राजेशाही थाट म्हणावा असे काहीच नसते.

माझ्या मते हेच या घराचे वैभव आहे. बाराव्या शतकात हे स्कॉटिश राजांचे शिकारीसाठी उतरण्याचे ठिकाण होते, १४९१ पासून ते स्टुअर्ट या स्कॉटिश राजघराण्याच्या एका शाखेकडे आहे, आणि सलग वस्ती असलेले स्कॉटलंडमधील सर्वांत जुने घर अशी त्याची ओळख आहे. सत्तावीस राजे-राण्यांनी इथे पायधूळ झाडली असे सांगतात. १५६६ मध्ये स्कॉटलंडची राणी मेरी आपल्या तान्ह्या मुलाला, जेम्सला, घेऊन आली होती, तो पाळणा आजही दाखवतात. पण एवढे जुने घर जुनेच कसे राहिले, याचे उत्तर या घराण्याच्या पडत्या काळात आहे.

या घराण्यातले पहिले अर्ल (उमराव) जॉन स्टुअर्ट हे राज्याचे खजिनदार होते. ट्वीड नदी घराच्या पायाला लागून वाहत होती, म्हणून त्यांनी नदीचाच प्रवाह बाजूला वळवला, इतकी त्यांची ऐपत होती. आणि १६५९ मध्ये ते वारले ते मात्र पार कंगाल अवस्थेत. पुढच्या पिढ्या कॅथलिक पंथाला धरून राहिल्या आणि पदच्युत स्टुअर्ट राजांची बाजू घेत राहिल्या. दंड, कैद आणि संशय यांपायी पैसा टिकला नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस वास्तुविशारद जेम्स स्मिथने अंगणाची आणि बागेकडच्या बाजूची जी रचना केली, त्यानंतर घराच्या बाह्य रूपात फारसा बदल झालाच नाही. त्याच सुमारास एडिनबऱ्याजवळ होपटाउन हाऊस हे भव्य घर उभे राहत होते आणि पुढे विल्यम अ‍ॅडमने ते आणखी वाढवले. होपटाउन देखणे आहे, यात वाद नाही. पण तिथे मी पाहुणा असतो, इथे मात्र कुणाच्या तरी घरात शिरल्यासारखे वाटते.

वरच्या मजल्यावर पाद्रीची खोली आहे. कॅथलिक प्रार्थना बेकायदा होती तेव्हा इथे गुपचूप मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, होई, आणि झडतीची चाहूल लागताच पाद्री भिंतीतल्या चोरजिन्याने निसटत असे. तिथली प्रार्थनेची वस्त्रे जवळून पाहावीत: पांढरी, टाके घालून शिवलेली, पलंगावर पसरली तर पलंगपोसच वाटावीत अशी. स्टुअर्टांच्या बाजूने झालेल्या १७१५ च्या बंडाबद्दल देहदंडाची शिक्षा झालेल्या अर्ल ऑफ निथ्सडेलला त्याच्या पत्नीने, विनिफ्रेडने, शिक्षेच्या आदल्या संध्याकाळी बायकी वेशात टॉवर ऑफ लंडनमधून बाहेर काढले; त्या वेळचा झगाही नात्याने या घरात आलेला आहे. माझे पाहुणे सर्वांत जास्त वेळ थबकतात ते त्या झग्यापाशी.

खाली, चॅपलच्या तळाशी, अठराव्या शतकातील मद्यशाळा आहे. विसावे लेअर्ड (स्कॉटिश जमीनदार) पीटर मॅक्सवेल स्टुअर्ट यांनी १९६५ मध्ये ती पुन्हा सुरू केली आणि आजही बिअर ओक लाकडाच्या पिंपांतच आंबवली जाते. घर चालवायला पैसा लागतो, आणि तो असा जुन्याच भांड्यांतून निघावा, याचे मला कौतुक वाटते.

सर्वाधिक छायाचित्रे मात्र अस्वल-फाटकाची निघतात. दगडी खांबांवर ढाल धरलेली दोन अस्वले आहेत. १७४५ मध्ये पदच्युत स्टुअर्टांचा राजपुत्र चार्ल्स इथून गेल्यावर पाचव्या अर्लने फाटक लावून घेतले आणि स्टुअर्ट राजा गादीवर येईपर्यंत ते न उघडण्याची शपथ घेतली, अशी कथा आहे. एका अर्लच्या पत्नीच्या निधनानंतर ते बंद झाले, अशी दुसरीही आख्यायिका आहे. पण शपथेपुढे ती कोण ऐकणार! फाटकापासून घरापर्यंतचा सरळ, रुंद रस्ता आता सगळा गवताचा आहे, आणि घराण्याच्या आजच्या वंशजांसकट सारेजण ये-जा करतात ती बाजूच्या वाटेने.