ताटं मोजू नका, खाटा मोजा

पावसाळा लागला की आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटात एक वाद उगवतो. डिसेंबर संपत आला की तोच पुन्हा. विषय ठरलेला: मुळशी, पानशेत, कर्जत, अलिबाग इकडचे भाड्याचे बंगले आणि फार्महाऊस, तिथल्या पार्ट्या, मध्यरात्रीनंतरही चालणारा डीजे, रस्त्याकडेला फुटलेल्या बाटल्या. एक बाजू म्हणते, पोरं हाताबाहेर गेलीत, हे बंगलेच बंद करा. दुसरी म्हणते, गावाला चार पैसे मिळतात ते बघवत नाहीत का तुम्हाला? मग कोणीतरी हटकून मला मध्ये ओढतं. "तुमच्याकडे कसं असतं ते सांग ना. तिकडे लोक शिस्तीत राहतात म्हणे."

तर तिकडचं सांगते. आम्ही इंग्लंडच्या मिडलँड्समध्ये राहतो आणि मधूनमधून मित्रमंडळी मिळून वेल्सच्या उत्तरेला, ग्विनेद भागात, एखादं जुनं दगडी कॉटेज भाड्याने घेतो. जवळचं गाव दोन-तीन मैलांवर, मोबाइलला रेंज नाही, चहूकडे मेंढ्या. शनिवारी रात्री तिथे एक ऐसपैस जेवण करायचं, एवढाच त्या सहलीचा कार्यक्रम असतो.

आता अशा ठिकाणी जेवायला किती जण बोलवायचे, हे माझ्या माहेरच्या हिशोबाने यजमानाच्या मनावर असतं. पातेल्यात पाणी वाढवलं की रस्सा दोघांना जास्त पुरतो. इथे हा हिशोब चालत नाही. कॉटेजपर्यंतचा रस्ता एका गाडीपुरता, दोन्ही बाजूंना दगडी बांध, दिवे नाहीत, टॅक्सी येत नाही. ज्याने वाइन घेतली त्याने गाडी चालवायची नाही, म्हणजे त्याने तिथेच झोपायचं. म्हणून जेवणाची पंगत ठरते ती ताटांवरून नाही, खाटांवरून. आठ जणांची झोपायची सोय असेल तर जेवायला आठ. नववा आला तर तो न पिणारा हवा, आणि त्याला परत जायचं धैर्यही हवं.

बरं, नवव्याला नुसतं जेवायला बोलवायचं तरी घरमालकाला आधी कळवावं लागतं. भाडेकरारात तसं लिहिलेलं असतं. हा निव्वळ तुसडेपणा आहे असं आमच्यातल्या अनेकांचं मत, आणि ते पहिल्या रात्री तावातावाने मांडलंही जातं. पण त्यामागे काही कारणं आहेत, आणि त्यातलं सर्वांत ठोस कारण जमिनीखाली असतं. अशा घरांना गावाची गटारलाइन नसते, अंगणात सेप्टिक टँक असते. इथल्या बांधकाम नियमांच्या मार्गदर्शिकेत तिचं माप दिलेलं आहे: चार माणसांपर्यंत किमान २,७०० लिटर आणि पुढे प्रत्येक माणसामागे १८० लिटर. आठ जणांच्या टाकीवर शनिवार-रविवार चौदा जण राहिले तर काय होतं, हे मी वर्णन करून सांगायला नको. तेल सिंकमध्ये ओतायचं नाही, कढई आधी कागदाने पुसून घ्यायची, ओले वाइप्स संडासात टाकायचे नाहीत, हे भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलेलं असतं. आपल्या तेलाच्या तवंगाच्या रश्शाला ही सूचना जरा जिव्हारी लागते.

तेलावरून फोडणीचं आठवलं. या घरांमध्ये आगीचा इशारा देणारी यंत्रं एकमेकांना जोडलेली असतात, म्हणजे खाली जिन्यापाशी एक वाजलं की वरच्या झोपण्याच्या खोल्यांतलीही वाजतात. स्वयंपाकघरात धूर ओळखणारं नाही, उष्णता ओळखणारं यंत्र असेल तर मोहरी तडतडली तरी चालतं. पण जुन्या कॉटेजमध्ये ओटा आणि बैठक एकाच खोलीत, त्यामुळे धुराचं यंत्र फार लांब नसतं. लाल मिरचीची फोडणी सगळ्यांना घराबाहेर काढते. यावर आमचा तोडगा असा की रस्सा आदल्या दिवशी घरूनच करून न्यायचा. तिथे भात, ओव्हनमध्ये भाजलेलं चिकन आणि बटाटे, कोशिंबीर. सोबत आपला कुकर, एक मोठं पातेलं, धारेची सुरी आणि मिसळणाचा डबा. भाड्याच्या घरातल्या सुऱ्यांनी लोणी कापतानाही जोर लावावा लागतो, का ते देव जाणे. वाट्या कधीच पुरत नाहीत, म्हणून कॉफीच्या मगात वरण. आठ माणसांच्या पोळ्या अनोळखी ओट्यावर लाटायला आमच्यात कोणीही तयार नसतं. त्या गोठवलेल्या नेतो आणि त्याबद्दल कोणी नाकही मुरडत नाही.

जेवण झालं की खरं काम सुरू होतं. सकाळी दहाला घर रिकामं करायचं असतं. भांडी, ओटा, खरकट्याचा वेगळा डबा, काचेच्या बाटल्या वेगळ्या, चादरी काढून एका ढिगात. हे सगळं आम्हीच करतो, कारण दुसरं कोणी नसतंच. आमच्यातले जे पुरुष पुण्याला गेल्यावर आईच्या घरी पाण्याचा ग्लासही उचलत नाहीत, ते इथे रबरी हातमोजे घालून कढई घासतात. मला हे दृश्य फार आवडतं, पण ते काही सुधारणेचं लक्षण नाही. राबायला माणूस परवडत नाही, एवढंच त्याचं कारण.

आणि इथेच मला गटातल्या वादाबद्दल काही म्हणायचं आहे. मुलांचे संस्कार, दारू, पोरींचे कपडे, डीजेची गाणी, यांवर आपण हिरिरीने भांडतो. त्या बंगल्यावर भाकऱ्या कोण थापतं, याचा उल्लेख या वादात मी अजून ऐकलेला नाही. जाहिरातीत मात्र असतो: चुलीवरचं जेवण, गरमागरम भाकरी, घरगुती चव. मी पाहिलेल्या बंगल्यांवर एक जोडपं असतं. पगार नवऱ्याच्या नावाने, राखणदारीचा. बायको 'सोबत असते'. ती स्वयंपाक करते, झाडते, चादरी धुते, आणि संध्याकाळी चार वाजता फोन येतो की आठ नाही, चौदा जण येताहेत. चौदा जणांच्या भाकऱ्या, आणि जेवण सुरू होणार अकराला, कारण पाहुण्यांचं 'बसणं' आटपलेलं नसतं. ती झोपते कधी, आणि त्या जास्तीच्या तासांचे पैसे कोण देतं? डीजेचा आवाज सगळ्यात जवळून तीच ऐकते. पोलिसांत तक्रार करण्याचा अधिकार तिला कायद्याने आहे, पण तो वापरला तर राहती खोली जाईल.

'तिकडे शिस्त, इकडे बेशिस्त' हा गटाचा आवडता सिद्धांतही मला पटत नाही. कागद काढून बघितले तर उलट आपणच कडक आहोत. ध्वनिप्रदूषणाचे आपले नियम २००० सालापासून रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला मनाई करतात. इथल्या १९९६ च्या कायद्यातली रात्र अकराला सुरू होते आणि सातला संपते. गाडी चालवणाऱ्याच्या १०० मिलिलिटर रक्तात आपल्याकडे ३० मिलिग्रॅम अल्कोहोलची मर्यादा आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये ती ८०. महाराष्ट्रात तर प्यायला परवाना लागतो, हे पिणाऱ्यांपैकी किती जणांना आठवतं? कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे जो शेतकरी नाही त्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि फार्महाऊस म्हणजे शेती करणाऱ्याचं शेतावरचं घर. हे सगळं अक्षरशः पाळलं तर अर्ध्या पार्ट्यांना जागाच उरणार नाही.

फरक पडतो तो कायदा कोणाला धरतो यात. आपल्याकडे धरायचे ते पाहुणे. ते रविवारी दुपारी निघून जातात आणि पुढच्या शनिवारी दुसरे येतात, त्यामुळे पोलिसांनी किती जणांना समज द्यायची? इथे धरतात घराला. वेल्समध्ये २०२३ च्या एप्रिलपासून कॉटेज वर्षाला २५२ दिवस भाड्यासाठी खुलं हवं आणि प्रत्यक्षात १८२ दिवस भाड्याने गेलेलं हवं, तर ते व्यवसाय म्हणून धरलं जातं. नाहीतर ते दुसरं घर, आणि ग्विनेदमध्ये दुसऱ्या घराची घरपट्टी त्याच वर्षापासून नेहमीच्या अडीचपट. स्कॉटलंडमध्ये अल्पमुदतीच्या भाड्याला परवानाच लागतो. पर्यटकांसाठीच्या घरांची नोंदणी सक्तीची करणारा आणि कौन्सिलांना पाहुण्यांवर कर लावू देणारा कायदा वेल्सने २०२५ मध्ये केला. घराचा पत्ता सरकारला माहीत, मालकाचं नाव माहीत, म्हणून नववा माणूस कोण हे मालकच आम्हाला विचारतो. आमच्यावर संस्कार करायची त्याला गरज भासत नाही.

आपल्याकडेही पर्यटन महामंडळाची निवास व न्याहारी योजना आहे, २०२० पासून कृषी पर्यटनाचं धोरण आहे. पण नोंदणी केली नाही म्हणून बंगला भाड्याने देणं कोणाला अवघड गेलंय, असं मला दिसलेलं नाही.

हे सगळं मी गटात लिहिलं तेव्हा माझ्या चुलत भावाने, ज्याचा स्वतःचा मुळशीकडे बंगला आहे, लगेच उत्तर दिलं. "ताई, तिकडं बसून बोलायला तुझं काय जातंय? माझ्या बंगल्यावरचं कुटुंब बारा महिने त्यावर जगतं. पोरं शाळेत जातात. तुझ्या त्या वेल्सच्या घरानं कोणाला पोसलं, ते सांग."

त्याचा मुद्दा टोचणारा आहे आणि खरा आहे. आम्ही ज्या शांततेचं कौतुक करतो ती अर्धी शिस्तीची आणि अर्धी रिकाम्या घरांची असते. हिवाळ्यात त्या भागातल्या काही गल्ल्यांत संध्याकाळी दिवे लागत नाहीत, कारण घरं बाहेरच्यांची. तिथल्या तरुण जोडप्यांना आपल्याच गावात घर परवडत नाही, आणि ती गेली की वेल्श बोलणारी मुलंही जातात. हा राग जुना आहे. १९७९ च्या डिसेंबरपासून पुढची दहा-बारा वर्षं 'मेइबिऑन ग्लिनदूर' या गुप्त गटाने बाहेरच्यांची सुट्टीची घरं जाळली. जाळपोळीचे प्रकार दोनशेच्या वर गेले. इंग्लंडात कॉर्नवॉलच्या सेंट आइव्हजमध्ये २०१६ साली लोकांनी मतदान करून ठरवलं की नवीन बांधलेली घरं कायम राहणाऱ्यांनाच विकायची. व्हिटबी या बंदराच्या गावाने २०२२ मध्ये तोच कौल दिला. म्हणजे आम्ही शेजाऱ्यांना त्रास न देता जेवतो हे खरं, पण शेजारी उरलेत कुठे? भावाच्या बंगल्याशेजारचं गाव निदान भरलेलं आहे, भांडायला माणसं आहेत.

एक गोष्ट मात्र त्याने लक्षात घेतलेली नाही. आमच्याही कॉटेजला राबणारी माणसं असतात, ती आम्हाला दिसत नाहीत इतकंच. आम्ही दहाला निघतो, पुढचे पाहुणे चारला येतात. मधल्या सहा तासांत गावातल्या दोघी येऊन आठ गाद्यांच्या चादरी बदलतात, न्हाणीघरं घासतात, आमच्या मोहरीचे दाणे शेगडीखालून काढतात. एका कॉटेजवरून दुसऱ्यावर, सगळ्या घरांतले पाहुणे एकाच ठरावीक वारी बदलत असल्यामुळे धावत. एकदा त्यांच्यापैकी एक लवकर आली, तेव्हा चहा दिला. गॅरेजमध्ये नवरा, घर भाड्याचं, स्वतःचं घेता येईल असं वाटत नाही, असं सांगत होती. तिला तासाचे पैसे मिळतात, किमान वेतनाचा कायदा तिच्या बाजूने आहे, आणि संध्याकाळी पाचनंतर तिला कोणी भाकऱ्या मागत नाही. हा फरक मला मुळशीत हवा आहे. दगडी भिंती आणि मेंढ्या नकोत.

म्हणून मी गटात मागण्या लिहून टाकल्या. बंगल्याच्या फाटकावर नोंदणी क्रमांक आणि किती जण झोपू शकतात तो आकडा, लांबून वाचता येईल असा. शोषखड्डा आणि पाणी किती जणांपुरतं आहे हे ग्रामपंचायतीला लेखी. टँकर लागत असेल तर तो कुठून येतो तेही. राखणदाराच्या बायकोचा पगार तिच्या नावाने, तिच्या खात्यात. रात्री नऊनंतर स्वयंपाक हवा असेल तर त्याचा दर पाहुण्यांना बुकिंग करतानाच दिसायला हवा. आणि आवाजाची तक्रार आली तर दंड मालकाला. मालक पाहुण्यांकडून वसूल करेल, ते त्याचं तो बघून घेईल. दारूबद्दल मी काहीच लिहिलं नाही, यावर दोन काका नाराज आहेत.

भावाला बायकोचा वेगळा पगार मान्य आहे. नऊनंतरचा दर तर त्याला फार आवडला, लगेच आकारतो म्हणाला. तो पैसा कोणाच्या खात्यात जाणार, असं विचारलं तर "बघू" म्हणाला. चौदाचे आठ करायला मात्र तो तयार नाही. आठ जणांत बंगल्याचा हप्ता निघत नाही म्हणतो. मी हिशोब मागितलाय.