'येतो' न म्हणता

निरोप घेताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो, आणि त्यानंतरही चपला चढवता चढवता दारात अर्धा तास बोलतो. दोन संगणकांमधले बोलणे चालवणाऱ्या टीसीपी या नियमावलीची रीत अगदी अशीच आहे. एक बाजू 'फिन' पाठवून येतो म्हणते, दुसरी 'बरं' म्हणते, मग दुसरी येतो म्हणते, पहिली 'बरं' म्हणते. आणि एवढ्यावर समाधान न होऊन लिनक्स ही सर्व्हरवरची कार्यप्रणाली 'टाइम-वेट' अवस्थेत आणखी ६० सेकंद गॅलरीत उभे राहून पाहुणा वळणाआड जाण्याची वाट पाहते.

माझ्या वाट्याला मात्र येतो न म्हणता गेलेल्या बाई आल्या. आमच्या हिशेब विभागातील या बाईंनी लोकल चुकू नये म्हणून चालू नोंद तशीच टाकून लॅपटॉपचे झाकण मिटले. सर्व्हरला कोणी काहीच सांगितले नव्हते, त्यामुळे त्याच्या लेखी बाई अजून समोरच बसल्या होत्या आणि त्यांनी अडवलेल्या तक्त्याला इतर कोणाला हात लावता येत नव्हता. विचारपूस करायला 'कीप-अलाइव्ह' असते. पण लिनक्समध्ये तिचा मूळ स्वभाव असा, की आधी २ तास गप्प बसायचे, मग ७५-७५ सेकंदांनी ९ हाका मारायच्या आणि तेव्हा कुठे पलीकडे कोणी नाही असे मानायचे. (आमच्याकडे रजेचा अर्जही याहून लवकर फेटाळला जातो.)

साहेबांनी सर्व्हर रीस्टार्ट करण्यास सांगितले. पंगतीतला एक जण उठत नाही म्हणून मांडव सोडायचा, हे मला पटेना. चालू कनेक्शने दाखवणाऱ्या 'एसएस' या कमांडला मोठा 'के' जोडला की नेमके हवे तेच कनेक्शन तोडता येते; कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, ती सोय नसेल तर कमांड 'नाही' असेही न म्हणता मुकाट्याने परत येते, म्हणून मी आधी तेवढे तपासून घेतले. मग बाईंचा आयपी पत्ता काळजीपूर्वक लिहिला, दोनदा वाचला आणि एंटर दाबले.

एकाच पत्त्यावरची कनेक्शने वेगळी ओळखणारा पोर्ट क्रमांक तेवढा लिहायचा राहिला होता. आमचे सगळे कार्यालय एकाच राउटरमागून, एकाच आयपी पत्त्याने बाहेर पडते, आणि मी त्याच कार्यालयात बसलो होतो.

बाईंचे कनेक्शन तुटले. उशिरापर्यंत थांबलेल्या बाकीच्यांचेही तुटले, आणि मी ज्यावरून सर्व्हरवर काम करत होतो ते माझे एसएसएच कनेक्शन तर असे तुटले, की मी नेमके काय केले हे पाहण्याचीही सोय उरली नाही. शेजारच्या खोलीतून साहेबांनी विचारले, "केलात का रीस्टार्ट?"

मी "हो" म्हणालो.