हरळांच्या पुढेही ओव्या आहेत

'ख्रिस्तपुराणा'वरचा लेख आवडला, पण बायबलची कथा मराठी ओव्यांत सांगणाऱ्या या काव्याचं नाव निघालं की गाडी 'जैसी हरळांमाजि रत्नकिळा' (खड्यांमध्ये जसं रत्नाचं तेज, तशी भाषांमध्ये मराठी) या ओवीपाशीच थांबते, तशी इथेही थांबली. गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट धर्मगुरू फादर स्टीफन्स यांनी दहा हजारांवर ओव्या काय फक्त मराठीच्या कौतुकासाठी लिहिल्या?

लेखक म्हणतात की 1616 सालचं हे काव्य म्हणजे 'पुराणाचं बाह्य रूप, आत निव्वळ धर्मप्रचार'. हे काही पटत नाही. पहिलीच ओवी बघा. 'नमो'ने सुरुवात, म्हणजे आपल्या पोथीची चाल. आणि लगेच 'देवा बापा सर्वसमर्था', पुढे स्वर्ग-पृथ्वीचा 'रचणारा'. ख्रिस्ती श्रद्धेची कबुली नेमकी याच क्रमाने सुरू होते: पिता, सर्वसमर्थ, स्वर्ग-पृथ्वीचा निर्माता. म्हणजे एकाच ओवीत मंगलाचरणही झालं आणि कबुलीही. यातलं बाह्य रूप कुठलं, आतलं काय? सोलून दाखवा!

शिवाय 'बापा'. ज्ञानेश्वरी कानावर असलेल्याला तो शब्द परका वाटूच शकत नाही. स्वर्गाला ते 'वैकुंठ' म्हणतात, त्याचंही तेच.

प्रचाराचा हेतू होताच, तो कोण नाकारतंय? पण गोव्यातल्या साष्टी भागातल्या देवळांची मोडतोड झाल्यावर नवख्रिस्ती लोकांची पोथीची भूक शिल्लक होती. ती ओळखायला कवीचाच कान लागतो. (मूळ छपाई रोमन लिपीत झाली होती, हेही लेखात यायला हवं होतं.)