यादीत दोन पत्ते लिहा

मुंबईत आपत्तीच्या वेळी धावून जातील अशी शिकलेली माणसं कमी आहेत, असं दर पावसाळ्याच्या तोंडावर कुणी ना कुणी लिहितं. मला ते पटत नाही. नागरी संरक्षण दलाचे स्वयंसेवक आहेत, होमगार्ड आहेत (ही संघटना तर १९४६ च्या डिसेंबरात आपल्या मुंबईतच उभी राहिली), एनसीसी-एनएसएस करून बाहेर पडलेली मुलं आहेत, कंपन्यांमधले सेफ्टीवाले आहेत, सह्याद्रीत दोर लावणारी ट्रेकर मंडळी आहेत, महापालिकेच्या परळच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेत शिकून आलेले सोसायट्यांचे सेक्रेटरी आहेत. माणसं आहेत हो. पण ती दिवसभर जिथे असतात तिथे त्यांची नोंद नसते, आणि जिथे नोंद असते तिथे ती फक्त झोपायला जातात.

आपदा मित्र योजनेचंच घ्या. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये ती सुरू केली तेव्हा पुराचा धोका असलेले ३० जिल्हे आणि ६,००० स्वयंसेवक एवढाच पसारा होता. पुढे ती ३५० जिल्हे आणि १ लाख स्वयंसेवकांपर्यंत वाढवली. १२ दिवसांचं प्रशिक्षण, विमा, ओळखपत्र, आणि वर लाइफ जॅकेट, हेल्मेट, टॉर्च वगैरे असलेलं किट. योजना चांगली आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तिचा सगळा हिशेब जिल्ह्यावर चालतो. आणि आपल्याकडच्या माणसाचा जिल्हा कुठला, याचं उत्तर तुम्ही सकाळी अकराला विचारताय की रात्री अकराला, यावर अवलंबून आहे.

आमच्याकडे मुलुंडला काही सोसायट्यांनी मिळून प्रथमोपचार आणि बचावकार्याचा वर्ग घेतला होता. त्यात एक मुलगा होता, राहणारा बदलापूरचा, इथे स्टेशनजवळ इलेक्ट्रिकच्या दुकानात कामाला. मालकाने पाठवलं म्हणून आलेला. दोराच्या गाठींचा भाग सुरू झाला आणि शिकवणारे सर बोलाइन गाठ समजावून सांगेपर्यंत याने ती स्वतःच्या कमरेला मारून, ओढून, सोडवूनसुद्धा दाखवली. मग कळलं, हा ठाणे जिल्ह्याचा आपदा मित्र आहे. मी विचारलं, "मग तुझं किट कुठंय?" तर म्हणाला, "घरी, माळ्यावर. आईने त्याच्यावर पापडांचा डबा ठेवलाय, काकू."

आईचं काही चुकलं नाही. तो मुलगा सकाळी सातच्या आत घर सोडतो आणि रात्री दहाला परततो. समजा जुलैत मंगळवारी दुपारी तीनला उल्हास नदीने पात्र सोडलं. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षातून त्याला फोन जाईल. तो मुलुंडला, गाड्या बंद, रस्ते तुंबलेले. जाणार कसा? आणि त्याच वेळी मुलुंडमध्ये एखादी भिंत पडली, तर दोनशे पावलांवर एक तरबेज माणूस वायरची बंडलं मोजत बसलाय हे इथल्या कुणालाही ठाऊक नसेल. फोन केलेल्यांना तो मिळणार नाही, आणि ज्यांना मिळाला असता ते फोन करणार नाहीत.

आता हा एक मुलगा सोडा आणि कर्जत-कसाऱ्यापासून, विरार-पालघरपासून, पनवेलपासून रोज सकाळी आत येणाऱ्या लोंढ्याकडे बघा. मुंबई महानगर प्रदेशात नऊ महापालिका आहेत: बृहन्मुंबई, ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, उल्हासनगर, भिवंडी-निजामपूर, वसई-विरार, मीरा-भाईंदर आणि पनवेल. शिवाय अंबरनाथ, बदलापूरसारख्या नगरपालिका. खुद्द मुंबईचेच जिल्हे दोन, शहर आणि उपनगर. प्रत्येकाचा नियंत्रण कक्ष वेगळा, व्हॉट्सॲप ग्रुप वेगळे, याद्या वेगळ्या. मुलुंड चेकनाक्याच्या अलीकडे झाड पडलं तर मुंबई महापालिकेचा १९१६ फिरवा, पलीकडे पडलं तर ठाण्याचा नंबर शोधा. झाड अर्धं इकडे अर्धं तिकडे पडलं तर काय, हा विनोद आमच्याकडे जुना आहे.

पाण्याला हा नाका कधीच दिसलेला नाही. २६ जुलै २००५ म्हटलं की आपल्याला मिठी नदी, कलिना, सांताक्रूझचे ९४४ मिलिमीटर आणि रुळांवरून चालणारी माणसं आठवतात. त्याच दिवसांत कल्याण-बदलापूर पाण्याखाली होतं आणि महाड तालुक्यात जुई, दासगावला डोंगर खाली आला होता, हे मुंबईकरांना वेगळं सांगावं लागतं. २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणी-बदलापूरच्या मध्ये अडकली तेव्हाही तेच. गाडी सीएसएमटीहून सुटलेली, पाणी उल्हास नदीचं, आणि मदतीला एनडीआरएफ आणि नौदलाबरोबर आसपासच्या गावांतले लोक. हजारावर प्रवासी सुखरूप बाहेर आले. कुणाची हद्द होती ती? (जाता जाता: आपल्या सात तलावांपैकी विहार आणि तुळशी सोडले तर बाकी सगळे मुंबईबाहेर, ठाणे-पालघर-नाशिक जिल्ह्यांत. शहापूरच्या गावांना उन्हाळ्यात टँकर लागतो आणि भातसाचं पाणी आपण पितो. तेव्हा "आमच्या हद्दीत नाही" हे वाक्य मुंबईकराच्या तोंडी तसंही शोभत नाही.)

एक सांगायला हवं. आपत्ती घडून गेल्यावर आपल्या महापालिका एकमेकांकडे धावतात, आणि मनापासून धावतात. २०२१ मध्ये महाड-चिपळूण चिखलात बुडालं तेव्हा मुंबई, ठाणे, नवी मुंबईची पथकं यंत्रसामग्री घेऊन गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वर रस्ताच नव्हता, पोकलेन चढवणार कुठून? खोपोलीकडचे ट्रेकर, ठाणे महापालिकेचं आपत्ती प्रतिसाद दल (टीडीआरएफ), एनडीआरएफ, सगळे पायी चढले आणि कुदळ-फावड्याने माती उपसली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता राहिले. त्या चढणीवर नवी मुंबईच्या अग्निशमन दलातल्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने जीव गेला. तो माणूस हद्द बघत बसला नव्हता. म्हणजे दानत कमी नाही. पण ही सगळी माणसं एकत्र भेटतात ती ढिगाऱ्यावर. त्याआधी एका मैदानावर भेटत नाहीत.

त्याने काय बिघडतं, ते मी आमच्या वर्गातच पाहिलं. दोन बांबू आणि एक चादर घेऊन स्ट्रेचर करायचं होतं. बांबू चादरीवर अशा अंतरावर ठेवायचे की एक बाजू दुमडून त्यावर दुसरी आली की माणसाच्या वजनानेच कापड आवळून बसतं, गाठ लागत नाही. रुग्ण म्हणून झोपायला आमच्या विंगमधले सगळ्यात वजनदार काका हौसेने पुढे आले. उचलायला चौघे: दोघे आमचे, दोघे नाक्यापलीकडच्या सोसायटीचे, जे आधी दुसरीकडे शिकून आलेले. सर म्हणाले, डोक्याकडचा माणूस हुकूम देईल, बाकीच्यांनी तोंड बंद. डोक्याकडचा म्हणाला, "एक, दोन, तीन." आमच्या दोघांनी 'तीन'ला उचललं. पलीकडचे 'तीन' नंतर 'उचल' ऐकायची वाट बघत होते. काका एका अंगाने वर गेले आणि दुसऱ्या अंगाने सतरंजीवर उतरले. सगळे हसले, काका सगळ्यात जास्त. पण जिन्यात, अंधारात, मणक्याला मार लागलेला माणूस असता तर? दोन्ही पद्धती बरोबर आहेत. फक्त त्या एकाच स्ट्रेचरला चालत नाहीत.

म्हणून मला 'जनजागृती' या शब्दाचा कंटाळा आलाय. ७ मे २०२५ ला देशभर मॉक ड्रिल झालं, २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांत, मुंबईतही. भोंगे वाजले, आपण गॅलरीत येऊन व्हिडिओ काढले, ते ग्रुपवर फिरवले. तुमच्या इमारतीत कुणाला व्हीलचेअर लागते, कुणाच्या घरी ऑक्सिजनचं मशीन चालतं, हे त्या दिवशी कुणी टिपून घेतलं का? आमच्याकडे तरी नाही.

एकत्र येण्याची सवय आपल्या भागात अगदीच नाही असंही नाही, आणि म्हणूनच जास्त चिडचिड होते. चेंबूर-ट्रॉम्बे, ठाणे-बेलापूर, रायगड या औद्योगिक पट्ट्यांत कंपन्यांचे परस्पर साहाय्य गट आहेत, 'मार्ग' नावाने ओळखले जाणारे. एका कारखान्यात आग लागली की शेजारच्या कारखान्याचा बंब, फोम, माणसं निघतात. कुणाकडे काय आहे हे आधीच एकमेकांना माहीत असतं. बाजारात एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेले लोक हे करतात, कारण वायू कुंपणावर थांबत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. तीच गोष्ट गिर्यारोहकांची. राज्यभरातल्या संस्थांनी मिळून महाराष्ट्र माउंटेनीअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर उभं केलंय. एक हेल्पलाइन, डोंगरात कुणी अडकलं की जवळची टीम निघते. अडकलेला पुण्याचा की डोंबिवलीचा, हे कुणी विचारत नाही. कारखानदारांना जमतं, डोंगरात भटकणाऱ्यांना जमतं, आणि नऊ महापालिकांना जमत नाही?

यात कायद्याची बाजू आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने लोकांना प्रशिक्षण देण्याचं काम जिल्हा प्राधिकरणाकडे दिलं, म्हणून यादी जिल्ह्याच्या वेशीवर थांबते. आता २०२५ च्या दुरुस्तीने राज्यांच्या राजधान्या आणि महापालिका असलेल्या शहरांसाठी स्वतंत्र शहरी प्राधिकरण नेमायची मुभा राज्य सरकारला मिळाली आहे. शहराचा प्रश्न शहराने बघावा, हे एरवी मी टाळ्या वाजवून मान्य केलं असतं. पण आपल्याकडे एक शहर कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं हे फक्त टॅक्सच्या बिलावरून कळतं. नऊ प्राधिकरणं, नऊ अभ्यासक्रम, नऊ रंगांची जॅकेटं असं झालं, तर आहे त्यापेक्षा वाईट होईल. त्याआधीच मधला दुवा ठरवायला हवा.

पालिकेत नोकरी करणाऱ्या एका मित्राला हे सगळं बोलून दाखवलं. तो म्हणाला, "ताई, उत्साही लोकांची गर्दी आवरायलाच आम्हाला माणसं लागतात. त्यात तू पलीकडच्या हद्दीतले आणखी आणणार." त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. १९८५ च्या मेक्सिको सिटीतल्या भूकंपात साध्या नागरिकांनी शेकडो माणसं जिवंत बाहेर काढली, पण ती काढताना शंभरावर स्वयंसेवकच दगावले. ते पाहूनच लॉस एंजेलिसच्या अग्निशमन दलाने नागरिकांच्या प्रशिक्षित तुकड्या बांधायला सुरुवात केली, आणि तो अभ्यासक्रम पुढे अमेरिकाभर गेला. त्याचा गाभा साधा आहे: आधी स्वतःचा जीव, मग शेजाऱ्याचा, आणि बंब आला की हुकूम त्यांचा. गर्दी आणि तुकडी यांत फरक एवढाच की तुकडीला आपण कुणाला रिपोर्ट करायचं हे ठाऊक असतं. म्हणजे मित्राच्या भीतीवरचं औषधही एकत्र प्रशिक्षण आणि सगळीकडे चालणारं ओळखपत्र हेच आहे. तो यावर "बघू" म्हणाला. सरकारी "बघू" म्हणजे काय ते आपण जाणतो, पण निदान "नाही" म्हणाला नाही.

मला काही फार मोठं नकोय. नवी इमारत नको, नवं महामंडळ तर अजिबात नको. स्वयंसेवकाच्या अर्जावर घरच्या पत्त्याखाली कामाच्या जागेचा पत्ता लिहायला एक ओळ द्या, आणि ती यादी दोन्हीकडच्या नियंत्रण कक्षांत ठेवा. हुकूम एकच ठरवा, 'तीन'ला उचलायचं की 'उचल'ला. ठाण्याचा स्वयंसेवक कुर्ल्यात जखमी झाला तर त्याचा विमा कोण देणार, हे आज कागदावर लिहून ठेवा. आणि पावसाळ्याआधी एक तरी सराव मुद्दाम हद्दीवर घ्या: मुलुंड नाक्यावर, दहिसरला, ऐरोलीच्या पुलाच्या तोंडाशी. दुकानदार आणि ऑफिसवाल्यांनीही एक किट कामाच्या जागी ठेवायला काय हरकत आहे? आमच्या त्या इलेक्ट्रिकच्या दुकानात आता ठेवलंय, काउंटरखाली. माळ्यावरचं नव्हे, मालकाने स्वतःच्या पैशाने दोर, हातमोजे, टॉर्च आणि प्रथमोपचाराची पेटी आणली. दोर तर त्याच्या दुकानात नाहीच मिळत, समोरच्या हार्डवेअरवाल्याने दिला आणि पैसे घेतले नाहीत.

पावसाळ्याआधी एका रविवारी नाक्याच्या दोन्ही बाजूंच्या सोसायट्या मिळून सराव करायचं ठरतंय. सर येणार आहेत, काकांनी पुन्हा झोपायची तयारी दाखवलीय. खाली कमेंटमध्ये तीनच गोष्टी लिहा: राहता कुठे, दिवसा असता कुठे, आणि काय येतं. पोहणं, सीपीआर, गाडी चालवणं, वीज बंद करणं, गर्दीत शांत आवाजात बोलणं, काहीही चालेल. "काहीच येत नाही" असेल तर तेही लिहा, चादर धरायला चार जण लागतातच.