ईस्टटाऊनची मेअर आणि मटारची पिशवी

शुक्रवारी रात्री साडेदहाला "एकच भाग बघते" म्हणून बसले. दूधवाल्याने बेल वाजवली तेव्हा सहावा संपत आला होता. सातवा चहाबरोबर. शनिवार होता म्हणून निभावलं.

'मेअर ऑफ ईस्टटाऊन'. 2021 ची, एचबीओ वाहिनीची, सातच भागांची सिरीज. लोकांनी ती तेव्हा दर आठवड्याला एकेक भाग करत जीव मुठीत धरून पाहिली, आणि मी हे आपलं वरातीमागून घोडं.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातलं एक छोटं गाव. केट विन्स्लेट तिथली डिटेक्टिव्ह, मेअर शीहान (मेअर हे तिचं नाव, महापौर नव्हे). एका कोवळ्या वयाच्या आईचा, एरिनचा, खून होतो. त्याआधी वर्षभर दुसरी एक मुलगी बेपत्ता आहे आणि तिचा शोध मेअरला लागलेला नाही. खुनी कोण ते सांगणार नाही, घाबरू नका.

पण खरं सांगू का, मला खुन्याने खिळवलं नाही. पहिल्याच भागात भल्या सकाळी एका म्हातारीचा मेअरला फोन येतो, घराभोवती कुणीतरी घुटमळतंय म्हणून. पोलीस स्टेशनला नाही, थेट मेअरला. तिथेच मी अडकले.

आमच्या तालुक्याच्या गावी शेजारच्या वाड्यात एक हवालदारकाका राहायचे. आजीची तांब्याची घागर चोरीला गेली, तेव्हा आजी काही चौकीत गेली नाही, तिने परड्याच्या भिंतीवरून त्यांना हाक मारली. तिसऱ्या दिवशी पहाटे घागर आमच्या ओट्यावर. काकांनी नाव सांगितलं नाही, आजीने विचारलं नाही. फक्त त्या दिवाळीत एका घरी आमच्याकडून फराळाचं ताट गेलं नाही.

मेअरचं सगळं दुखणं हेच आहे. पंचवीस वर्षांपूर्वी तिने शाळेच्या बास्केटबॉल संघाला शेवटच्या क्षणी बास्केट मारून जिंकून दिलं होतं, म्हणून गाव अजून तिचा सत्कार करतंय. आणि बेपत्ता मुलीची आई कोण, तर त्याच संघातली जुनी खेळाडू! मैत्रिणीच्या घरी चोरी करणारा कोण, तर त्या मैत्रिणीचाच व्यसनी भाऊ. बेड्या घालायच्या तरी कुणाला? ज्याचं सगळं घर आपल्याला नावानिशी माहीत आहे त्याला.

आपल्याकडच्या हिंदी सिरीजवाल्यांना छोटं गाव म्हटलं की गावठी कट्टा, दर वाक्याला आईबहीण आणि धुळीत उडणारी जीप एवढंच सुचतं. (सगळ्यांना नाही, मान्य. पण बहुतेकांना.) अरे, गावाची भीती बंदुकीची नसते, ओळखीची असते! तुमच्या मुलाने काय केलं ते किराणा दुकानदाराला तुमच्या आधी कळलेलं असतं, आणि तरी तो हसून साखर बांधून देतो. मेअरने तर स्वतःचा मुलगा गमावलाय, आत्महत्येत. ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. फक्त ती त्याबद्दल बोलत नाही.

सिरीजचा लेखक ब्रॅड इंगल्सबी त्याच परिसरातला, हे कळल्यावर बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. तिथले लोक वॉटरला 'वूडर' म्हणतात म्हणे, आणि विन्स्लेटबाई, इंग्लंडच्या असून, तो हेल असा काढतात की सबटायटल लावूनही मी दोनदा मागे गेले. दिग्दर्शक एका दृश्यातलं त्यांचं सुटलेलं पोट कापायला तयार होता, तर बाईंनी साफ नकार दिला. पडद्यावर ती बाई खरोखर थकलेली दिसते. केस न विंचरलेले, ई-सिगारेट तोंडात, मिळेल ते उभ्याने खाणारी. आणि मधे नातवाच्या ताब्यासाठी ती असं एक नीच काम करते की मी टीव्हीकडे बघून "अगं बाई!" म्हणून ओरडले.

खोट काढायचीच तर गाय पिअर्सने केलेलं ते लेखकाचं पात्र. एवढा मोठा नट आणून नुसता गोड हसत उभा केलाय. आणि प्रत्येक भागाच्या शेवटी नवा संशयित पुढे करायची खोड चौथ्या भागापर्यंत लक्षात येते. तरी पुढचा भाग लावलाच, ते सोडा.

सगळ्यात लाडकी मात्र जीन स्मार्ट, मेअरची आई. दोघी एकमेकींना टोचून बोलल्याशिवाय घास गिळत नाहीत. ही म्हातारी आपलं आइस्क्रीम फ्रोझन भाजीच्या पिशवीत लपवून ठेवते, कुणाच्या हाती लागू नये म्हणून.

रविवारी आईला मुद्दाम तेवढा प्रसंग दाखवला. आईला शुगर आहे. ती काही हसली नाही, "बायका काय काय करतात" म्हणाली आणि उठून आत गेली. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. आज पुलावासाठी फ्रीजरमधून मटार काढले. पिशवीत दोन मलई कुल्फ्या निघाल्या.